रायटिंगआबा

रायटिंगआबाची जीभ जांभळी होती. जन्मापासून नव्हे, पेन्सिलीमुळे. त्याच्या कानावर कायम शाईची पेन्सिल असायची. तिचं टोक ओलं केलं की अक्षर जांभळं उमटतं आणि मग कितीही घासा, जात नाही. आबा दर दोन शब्दांना ती जिभेला लावायचा. हसला तर दातसुद्धा जांभळे दिसायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, साधी पेन्सिल घ्या की. इख असतंय म्हणं ह्येच्यात." तर म्हणाला, "साधी खोडता येती. खोडता येतंय ते लिवायचं कशाला?"

अलीकडे आमच्या वस्तीत त्याचा फोटो लावायचं चाललं आहे. समाजसुधारक म्हणून. तो तसा नव्हता. मी त्याच्या कामावर पाट्या उचलल्या आहेत, मला माहीत आहे. तो कसा होता ते सांगते, मग फोटो लावायचा तर लावा. तोंडावर मी त्याला अहोजाहोच करत होते. लिहिताना 'तो' म्हणते आहे. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

ही साठ सालानंतरची गोष्ट. आमचं गाव मेढ्याच्या अलीकडे. गावातली आणि आमच्या बौद्ध वस्तीतली, ज्यांना जमीन नव्हती अशी माणसं मिळून मजुरांची एक सोसायटी निघाली होती. ओढ्यावरची मोरी, शेताचे बांध, चावडीची दुरुस्ती अशी लहान सरकारी बांधकामं तिला मिळायची. आबा सोसायटीचा सेक्रेटरी. तो गावातला, शेतकरी घरातला. तरुणपणी लष्करात, बांधकामाच्या ऑफिसात कारकून होता. तिथून येताना त्याने दोन गोष्टी आणल्या. एक गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि दुसरं, "रायटिंगमें दो." कोणी काहीही सांगितलं की तो हेच म्हणायचा. म्हणून रायटिंगआबा.

ही खोड नुसती दुसऱ्याला लावायची असती तर मी त्याचं नाव काढलं नसतं. थोरल्या लेकीच्या लग्नात त्याने बँडवाल्याकडून लिहून घेतलं होतं, कुठून कुठपर्यंत वाजवायचं ते. वरात निघाली, जोरात वाजवलं, आणि पारापाशी आल्यावर बँडवाल्याने सनई खाली ठेवली. कागदात पारापर्यंतच होतं. पुढची वरात मुकी गेली. पाहुणे हसले, बायकोने कपाळाला हात लावला, व्याही म्हणाले, "आवं, सांगा की त्याला जरा म्होरं वाजवाय." आबा म्हणाला, "कसं सांगू? चूक माजी हाय. मीच पारापतूर लिवलं हुतं." आणि मान वर करून चालत राहिला.

काम मिळालं की तो करारनामा वाचून दाखवायचा. सगळ्यांना, सगळा. अटींची भाषा अशी की ऐकता ऐकता डोळे मिटायचे. आबा मध्येच थांबायचा आणि एखाद्या पेंगणाऱ्याला धरायचा. "तुका, काय म्हटलं मी आत्ता?"

तुका दचकून म्हणायचा, "काम बेस करा म्हटलं."

की आबा पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग सगळे तुक्यावर खेकसायचे, "तुज्यायला तुज्या, दोन घटका डोळं उगडं ठेव की रं!"

पण ऐकून ऐकून आम्हालाही कळायला लागलं. नकाशात काय बांधायचं आणि कुठे ते असतं. अंदाजपत्रकात किती आणि कशाचं ते असतं. अटींमध्ये काही बिघडलं तर कोणी काय करायचं ते असतं. ह्या तिन्हीत नाही ते काम आपलं नाही. कोणी बदल सांगितला तर त्याच्याकडून आधी कारणासकट लिहून घ्यायचं, मगच हात लावायचा. मी विचारलं होतं, "येवढं कशाला आबा? माणसावर भरवसा न्हाई का तुमचा?" तो म्हणाला, "भरवसा हाय म्हणून तर. आदी कागदावर भांडून घेतलं की मागनं त्वांड बघायला बरं वाटतंय."

सहीच्या वेळी मी इतर बायकांसारखा अंगठा पुढे केला. त्याने माझा हात बाजूला सारला. "शेवंता, तुला सही येती न्हवं?"

"समद्या बाया अंगठाच लावत्यात."

"समद्या बाया चौथी झाल्यात व्हय?"

मी सही केली. वाकडी आली. "वाकडी का हुईना, तुजी हाय," म्हणाला आणि पुढच्या बाईकडे वळला.

त्याचा आणखी एक नियम होता. झाकायच्या आधी दाखवायचं. पाया खणून झाला की कामावर देखरेख करणाऱ्या सरकारी ओव्हरशियरने खड्डा बघायचा, मापं पुस्तकात लिहायची, सही करायची, आणि मगच त्यात पहिला दगड पडायचा. एकदा झाकलं की आत काय आहे ते कोणाला सांगता येत नाही. ओव्हरशियर सायकलवरून यायचा, नाहीतर यायचाच नाही. आम्ही खड्ड्यात पाय सोडून बसून राहायचो. गवंडी शिव्या द्यायचा. आबा ढिम्म. माती काढतानाही तो मधे मातीचा एक खांब तसाच सोडायला लावायचा, मूळ जमीन किती उंच होती ते मोजता यावं म्हणून. एका कामावर गावातल्या म्हातारीने त्या खांबाला हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी चार बायका ओटी घेऊन आल्या. मापं झाल्यावर खांब पाडायची वेळ आली तर गावातला एकही माणूस कुदळ उचलेना. आबाने इकडेतिकडे बघितलं आणि आमच्याकडे वळला. "तुमी आता देव मानत न्हाई न्हवं? मग उचला कुदळी." आम्ही हसत हसत पाडला. गावातल्या बायका कितीतरी दिवस आमच्याशीही बोलल्या नाहीत आणि आबाशीही.

पण हेही सांगते. त्याच्या घरी आमचा कप वेगळा होता. न्हाणीजवळच्या कोनाड्यात पालथा घातलेला. पगाराच्या दिवशी त्याची बायको त्यात चहा ओतायची आणि आम्ही तो धुऊन परत पालथा घालायचो. आबाला ते दिसत होतं. तो कधी काही बोलला नाही. त्याला ते खटकत होतं की नव्हतं, हेही मला सांगता येणार नाही. आमच्यासाठी लढणारा माणूस तो नव्हता, हे मी म्हणते ते ह्यासाठी.

तर मग शाळा. आमच्या गावात शाळा देवळात भरायची. आमच्या पोरांना आत घेत नव्हते, आम्ही पायरीखाली बसायचो. मी चौथी केली ती तशी. पाऊस आला की आमची शाळा सुटायची आणि आतल्यांची चालू राहायची. मास्तर फळ्यावर काय लिहितात ते मला दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. पुढे कायदे झाले, आम्ही धर्म बदलला, पण देवळातली शाळा देवळातच राहिली. माझी सुजाता शाळेत घालायच्या वयाची झाली तेव्हा मी नवऱ्याला सांगून टाकलं, पोरगी त्या पायरीखाली बसणार नाही. अडाणी राहिली तरी चालेल.

त्याच सुमाराला शाळेची इमारत मंजूर झाली आणि काम आमच्या सोसायटीला मिळालं. आबाने नकाशा चावडीवर पसरला. दोन खोल्या, पुढे पडवी, दगडी भिंती, वर कौलं. जागा गायरानात, गाव आणि वस्तीच्या बरोबर मध्ये. कोणा साहेबाने वर बसून दोन्हीकडच्या पोरांना सारखं चालावं लागेल अशी बघितली असणार. मी वाकून वाकून बघितलं. नकाशात पडवीला पायऱ्या होत्या. त्यावरून सगळ्यांनी आत जायचं होतं. त्या रात्री मी सुजाताला सांगितलं, तू शाळेत जाणार.

सरपंचाला जागा पटली नाही. "गावची शाळा गावात पायजे," म्हणाला. त्याला ती देवळामागे हवी होती. तिथे जायची वाट देवळाच्या आवारातून. म्हणजे आमची पोरं शाळेच्या दारापर्यंत पोचणारच नव्हती आणि कोणी त्यांना अडवलं असंही म्हणता आलं नसतं. सरपंच हुशार होता. त्याने वाद घातलाच नाही. चांगला दिवस बघून देवळामागे पूजा मांडली, गाव गोळा केलं, नारळ फोडला आणि स्वतः पहिली कुदळ मारली. आमच्याकडे कामाचा नारळ जिथे फुटतो तिथेच काम होतं. त्यानंतर मागे फिरलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. वस्तीत त्या दिवशी कोणी चूल नीट पेटवली नाही.

आबाही पूजेला गेला होता. पुढच्या रांगेत उभा होता. खोबरं खाल्लं, टोपी सारखी केली, आणि तिथून निघून सरळ गायरानात आला. आम्हाला हाका मारल्या. दोरी, खुंट्या, चुन्याची फक्की घेऊन नकाशाप्रमाणे आखणी सुरू केली.

सरपंच मागोमाग आला. अंगात पूजेचा पांढरा सदरा तसाच. "आबा, नारळ तिकडं फुटला."

"फुटला न्हवं. मी बी खाल्ला. लय ग्वाड हुता."

"मग आखणी हिकडं कशी?"

"नकाशा हिकडचा हाय."

"आरं, आख्ख्या गावानं बगितलंय! नारळ फुटला म्हंजी ठरलं!"

आबाने पेन्सिल जिभेला लावली आणि कागदावर एक खूण केली. "दादा, नारळ नकाशात न्हाई. तुमी लिवून द्या, जागा बदला म्हणून. कारण घाला. खाली सही करा. ह्या खुंट्या मी सोता उपटतो आन तिकडं नेतो."

सरपंचाने आमच्याकडे बघितलं. मी दोरीचं टोक धरून उभी होते. काय कारण घालणार होता तो? तोंडाने सांगायला त्याच्याजवळ पुष्कळ होतं. पण सहीनिशी कागदावर आलं असतं तर कायद्यात अडकला असता. "बगतो," म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी ओव्हरशियर आला. त्याला सरपंचाने घरी नेऊन जेवू घातलं होतं. पानाने तोंड रंगलेलं. सायकलवरून न उतरताच म्हणाला, "आबा, जागा हलवा. गावाची इच्छा आहे."

"हलवतो की साहेब." आबाने हुकमाची वही उघडून पुढे धरली. कामावर साहेब जे सांगेल ते साहेबाने त्या वहीत लिहायचं असतं.

"लिहायचं काय त्यात? मी सांगतोय ना?"

"अट हाय साहेब. बदल झाला तर कारणासकट लिवायचा. मी वाचून दावू का?"

"नको नको," ओव्हरशियर घाईने म्हणाला. आबाचं वाचन त्यालाही माहीत होतं. "मी वरून लेखी आणतो." सायकल वळवली.

मग आम्ही खणायला लागलो. वरून कागद यायचा होता आणि आम्ही खणत होतो. मला ते सहन होईना. दुपारी सगळे भाकरी खायला बसले तेव्हा मी आबासमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, खरं सांगा. कागद आला तर काय करनार?"

"हलवनार."

"हे समदं बुजवून?"

"बुजवून."

"आन आमच्या पोरी? तुमाला ठावं हाय ते कशापायी हलवायचं म्हणत्यात!"

"कागदात कशापायी लिवत्यात ते बगू."

मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमच्यात आणि त्या सरपंचात काय फरक? तो नारळापुढं वाकतो, तुम्ही कागदापुढं. माणूस म्हणून काही आहे का नाही तुमच्यात? नवरा मला मागे ओढत होता. आबा भाकरी चावत राहिला. शेवटी म्हणाला, "झालं बोलून? मग कुदळ घे. लौकर आटपायचंय."

तेवढं मात्र मला नवल वाटलं होतं. एरवी आबा कामावर घाई करणारा नव्हे. चारदा मोजून एकदा खणणारा. पण त्या पायाला त्याने आमचा जीव काढला. उजाडायला बोलवायचा, पाणी प्यायला गेलं तरी हाका. गवंडी म्हणाला, "म्हाताऱ्याला काय भूत लागलं का काय?" आबा म्हणाला, पावसाच्या आत जोतं वर आलं पाहिजे. पावसाला अजून किती अवकाश होता.

पाया तयार झाला. आबाने नियमाप्रमाणे ओव्हरशियरला चिठ्ठी पाठवली. पाया तयार आहे, झाकण्यापूर्वी पाहून जावे. तो आला तेव्हा सगळी वस्ती काठावर उभी होती. सरपंच आणि गावातली माणसं दुसऱ्या काठावर. मध्ये तो खड्डा.

ओव्हरशियर म्हणाला, "मी जागा हलवायला सांगितली होती."

"सांगितलं हुतं साहेब. लिवलं न्हवतं." आबाने एका हातात हुकमाची वही आणि दुसऱ्या हातात मापांचं पुस्तक धरलं. "ह्येच्यात लिवा, बुजवतो. न्हाईतर ह्येच्यात मापं घ्या, दगड टाकतो."

ओव्हरशियर सरपंचाकडे बघायला लागला. "तुम्ही वर अर्ज करणार होता ना? दिलात का लेखी?"

सरपंच म्हणाला, "तुमी देनार हुता न्हवं?"

दोघांनाही कळलं होतं की समोरच्याने सही केलेली नाही आणि आपण केली तर आपली एकट्याची राहणार. आमच्यापैकी चौघांना वाचता येत होतं, तेही त्यांना माहीत होतं. माझ्या हातात घमेलं होतं. हात इतके ओले झाले होते की ते निसटून खाली पडलं, आणि त्या आवाजाने ओव्हरशियर दचकला. मग तो धोतर सावरावं तशी पँट वर ओढून खड्ड्यात उतरला. टेप धरायला आबाने मला बोलावलं. लांबी, रुंदी, खोली. पुस्तकात लिहून त्याने सही केली आणि कोणाकडे न बघता सायकलवर बसला.

त्याची सायकल वळणाआड जायच्या आत आबाने दगड टाकायला लावला.

शाळा झाली. सुजाता पहिल्या दिवशी पडवीच्या पायऱ्या चढून आत गेली आणि फळ्यासमोर बसली. मी बाहेरून बघितलं. रडले वगैरे नाही, कामावर जायचं होतं.

आबाला मात्र ते महागात पडलं. पुढच्या निवडणुकीत सरपंचाने माणसं फिरवली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपदावरून त्याला काढलं. गावात त्याच्याशी कोणी धड बोलेना. लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली. वस्तीतली माणसं त्याचा सत्कार करायला गेली तर दारातूनच म्हणाला, "कशाचा? मी नकाशापरमानं काम केलंय." आणि आत गेला. माणसं हिरमुसून परत आली. मी म्हटलं, बरं झालं, खोटं तरी बोलला नाही. वर्षभरात तो बायकोला घेऊन तासगावकडे मेव्हण्याच्या गावी गेला. तिथल्या मजुरांच्या सोसायटीचे कागद बघायचा, असं ऐकू यायचं.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला. सुजाता नर्स झाली होती, विट्याच्या दवाखान्यात. तिला भेटून मी परत निघाले होते. विट्याच्या स्टँडवर बाकावर आबा बसलेला. पार वाळला होता. मला त्याने ओळखलं. मी सुजाताचं सांगितलं. त्याने मान हलवली. माझ्या मनात इतकी वर्षं एकच गोष्ट अडकून होती, ती मी विचारली.

"आबा, त्या वक्ताला लिवून आलं असतं, तर खरंच हलवली असती?"

"हलवली असती."

"माजी पोर घरात बसली असती."

"बसली असती."

मला तोच जुना राग आला. पिशवी उचलून मी दुसऱ्या बाकाकडे निघाले होते. तो मागून म्हणाला, "शेवंता, त्या दिसांत टपालवाला वाटंला दिसला की मी हातातलं टाकून उठायचो. आत जाऊन बसायचो. हाका मारल्या तरी ओ द्यायचो न्हाई. बायकूला सांगितलं हुतं, घरात न्हाई म्हणून सांग."

मी पिशवी परत खाली ठेवली.

"मी बी त्येच्या पिशवीकडंच बगायची, आबा," मी म्हटलं.

तासगावची गाडी लागेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो.